जुना गार्ड, वेडी बाभूळ आणि रोही

वेस्लाको, टेक्सस
नोव्हेंबर

प्रिय सुषमा,

बोलेरो पिकअपला पुढे गार्ड बसवू का, असं तू विचारलंस आणि वर टोमणाही मारलास, "तू तर आत्ताच बसवलास, म्हणून तुलाच विचारते." बसवला खरा, आणि तोही जुना, दुसऱ्याच्या गाडीवरून उतरवलेला. पण माझी गाडी ज्या रानात फिरते ते रान वेगळं आणि तुझा वरुड-मोर्शी रस्ता वेगळा. म्हणून नुसतं हो किंवा नाही न लिहिता सगळं सांगते. ग्रेपफ्रूटची तोडणी सुरू झाली आहे, आज रविवार म्हणून हात मोकळे आहेत. चहा घेऊनच बस, पत्र लांबणार.

आधी इथलं रान ऐक. हा टेक्ससचा अगदी दक्षिणेचा कोपरा. रिओ ग्रांदे नदीचं खोरं, नदी ओलांडली की मेक्सिको. कालव्याचं पाणी पोचतं तिथे ग्रेपफ्रूट, संत्री, कांदा, आणि २०२४च्या आधी ऊसही. पाणी संपलं की लगेच काट्यांचं राज्य. इथली माणसं त्याला नुसतं 'ब्रश' म्हणतात. त्यात मुख्य झाड मेस्किट, आणि मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. तेच काटे, त्याच लोंबत्या शेंगा, गुरांनी शेंगा खाल्ल्या की शेणातून बी पसरून नवं झाड, आणि तोडलं की बुंध्यापासून पुन्हा दहा फांद्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माय वं, ही कुठून आली इथे? तर उलटंच निघालं. आपली वेडी बाभूळच मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणून लावली.

त्याची परतफेड आपण रोही पाठवून केली आहे! थट्टा नाही करत. इथून उत्तरेला किंग रँच म्हणून सव्वाआठ लाख एकरांचं गुरांचं कुरण आहे. त्या मालकांनी गेल्या शतकाच्या विशी-तिशीत शिकारीच्या हौसेपायी नीलगायी आणून सोडल्या. हवा मानवली, झुडूप मानवलं, वाघ-बिबट्याची भीती नाही. आता समुद्राच्या अंगाच्या सगळ्या कुरणांत त्या हजारांनी आहेत, आणि टेक्ससचे लोकही त्यांना 'नीलगाय'च म्हणतात, फक्त उच्चार ऐकून तुला हसू येईल. तुझ्या संत्र्याच्या कलमांचे शेंडे खाणारा तोच निळसर नर मी इथे टेक्ससच्या कुंपणाला अंग घासताना पाहते.

आता गार्ड काऊन लावला ते. माझं काम बागांमधल्या सिट्रस सायलावर नजर ठेवण्याचं. पिवळे चिकट सापळे लावायचे, पानं तपासायची, नोंदी करायच्या. हीच कीड पसरवते तो ग्रीनिंग रोग इथे २०१२मध्ये सापडला आणि तेव्हापासून सगळ्यांची झोप उडाली आहे. पिकत्या बागेत फवारणी होते, तिथे सायला आवाक्यात राहतो. खरी डोकेदुखी सोडून दिलेल्या बागांची. २०२१च्या फेब्रुवारीत कडाक्याचा गारठा पडला, आधीच कंटाळलेल्या काही जणांनी मग बागेकडे पाहिलंच नाही. अशा बागेत दोन-तीन वर्षांत मेस्किट शिरतं, डोक्याएवढं गिनी गवत वाढतं, आणि त्यात उरलेल्या संत्र्याच्या झाडांवर सायला निवांत संसार मांडतो. सापळे तिथेच लावावे लागतात आणि गाडी तिथेच घालावी लागते.

माझी गाडी फोर्ड एफ-१५०, २०१२ची. मागच्या हंगामात अशाच एका बागेत, माणूस चालेल त्या वेगाने जात असताना, गवतात दडलेली मेस्किटची वाळलेली फांदी ग्रिलमधून भाल्यासारखी आत गेली आणि एसीचा कंडेन्सर फुटला. रेडिएटर बोटभर अंतराने वाचला. जूनमधल्या टेक्ससमध्ये एसीशिवाय गाडी म्हणजे काय ते वरुडच्या मे महिन्याला विचार. दुरुस्तीचं बिल आलं तेवढ्यात एक गार्ड आला असता, आणि म्हणूनच मी गार्ड शोधायला लागले.

इथे गार्डाचे साधारण तीन प्रकार बघायला मिळतात. एक नुसता वाकवलेला नळा, बंपरच्या मध्यावर उभा, तो शोभेचा. दुसरा सगळी ग्रिल झाकणारा, दोन्ही बाजूंना दिव्यांभोवती कडी असलेला. मला हवा होता तो हा. तिसरा म्हणजे बंपरच काढून टाकायचा आणि त्या जागी जाड पत्र्याचं, शंभर किलोच्या घरातलं धूड बसवायचं. गुराखी लोकांना तो फार प्रिय. शायनर नावाच्या छोट्या गावात रँच हँड म्हणून कारखाना आहे, त्याची अशी धुडं इथल्या दर तिसऱ्या पिकअपवर दिसतात. माझ्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगांवर एवढा भार मला नको होता, आणि खिशावरही नको होता. दुसऱ्या प्रकारातला बरा गार्ड नवा घ्यायचा तर सहाशे ते हजार डॉलर. जुना घ्यायचा तर त्याच्या पाव-तिजाई किमतीत मिळतो, कारण लोक गाडी बदलतात आणि जुन्या गाडीचा गार्ड नव्या गाडीला बसत नाही.

जुन्या गार्डाची सगळी मेख इथेच आहे, सुषमा. विकणारा सांगतो, "फोर्डला बसतो." कुठल्या फोर्डला? एफ-१५०चा २००४ ते २००८ हा एक साचा, २००९ ते २०१४ दुसरा, २०१५ ते २०२० तिसरा. एफ-२५०चं तर सगळंच वेगळं. गार्डाच्या नळ्या पाहून हे कळत नाही, कळतं ते मागच्या ब्रॅकेटांवरून, म्हणजे गार्डाला गाडीच्या चासीशी जोडणाऱ्या त्या दोन जाड पट्ट्यांवरून. त्यांची भोकं चासीच्या भोकांशी जुळली तर गार्ड तुझा, नाहीतर तो भंगाराच्या भावातही महाग. त्यात इकोबूस्ट इंजिनवाल्या गाडीला पुढे खाली इंटरकूलर असतो, त्यामुळे काही गार्ड साल जुळूनही त्या गाडीला चालत नाहीत. माझं इंजिन साधं व्ही-एट, तेवढी कटकट वाचली. चमकणारे फोटो टाकणारे शेकड्यांनी भेटले. "ब्रॅकेटांचा फोटो पाठवा" म्हटलं की निम्मे गप्प होत. एकदा ब्रॅकेट हरवले की सुटे मिळणं मुश्कील, आणि गल्लीतल्या वेल्डरकडून करून घेतलेल्या ब्रॅकेटांवर माझा तरी भरवसा नाही.

शेवटी सापडला तो फॅलफुरियसच्या बाहेर, एका कुरणावरच्या घरी. हे गाव एकेकाळी लोण्यासाठी नावाजलेलं होतं, आता लोकांना माहीत आहे ते सीमा पोलिसांच्या नाक्यासाठी. सीमा ७० मैल मागे राहिली तरी हमरस्त्यावर उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबवतात, कुत्रा वास घेऊन जातो, अधिकारी विचारतो, "नागरिक आहात का? कुठे निघालात?" मी खरं ते सांगितलं, "जुना गार्ड आणायला." त्यानं माझ्या गाडीचं तोंड पाहिलं, आणि म्हणाला, "लवकर आणा."

विकणारे म्हातारेबाबा पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. गार्ड अंगणात मेस्किटखाली टेकवलेला, त्याच्या वरच्या नळीवर कोंबडा बसलेला. बाबांना तो विकायचाच नव्हता असं माझं मत झालं. त्यांची गाडी कधीच गेली होती, पण तिची आठवण म्हणून तो ठेवला असावा. विकायला काढला होता आजींनी. मी ३०० डॉलर ऐकून तोंड वाकडं केलं तेव्हा बाबा गप्प राहिले आणि आजी दारातून स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलल्या. माझं स्पॅनिश बाजारापुरतं, पण "दोन वर्षं", "कोंबडा" आणि "घाण" एवढे शब्द कळले. भाव तिथेच ५० डॉलरनी उतरला.

घासाघीस बाजूला ठेवून मी आधी गार्ड तपासला. तू कधी कुठलंही लोखंडी जुनं सामान घेशील तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. पहिलं म्हणजे तो सपाट जमिनीवर आडवा टाकायला लावला. सरळ गार्ड चारी कोपरे टेकून बसतो. डुगडुगला तर तो कशाला तरी धडकलेला आहे. मग टेप लावून एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, मग दुसरी तिरकी बाजू. दोन्ही मापं सारखी हवीत. गवंडी खोलीचा काटकोन असाच पाहतो ना. त्यानंतर ब्रॅकेटांची भोकं. गोल असतील तर ठीक, ओढल्यासारखी लांबट झाली असतील तर गाडीनं कशाला तरी जोराची टक्कर दिली आहे किंवा बोल्ट ढिले ठेवून कुणी वर्षानुवर्षं गाडी हाकली आहे. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याशी नखानं कोरून पाहिलं. रंगावर केसासारखी गंजाची रेघ दिसली की खाली तडा असतो. या गार्डावर तशी रेघ नव्हती, पण खालच्या कडेला काळा पावडर-कोट फोड आल्यासारखा फुगला होता. समुद्राचा खारा वारा इथपर्यंत येतो, त्याचं ते काम. नळी उभी करून हलवली तेव्हा आत खुळखुळलं: मातीच्या माश्यांची घरं आणि वाळकी पानं. पाणी साठलं असतं तर नळी आतून खाल्ली गेली असती, आणि ते बाहेरून दिसत नाही; बोटाच्या पेरानं ठोकत गेलं की आवाज बदलतो तिथे संशय घ्यायचा.

एक गोष्ट बाबांकडे नव्हती: मूळचे बोल्ट. डब्यात त्यांनी दिले ते चार ठिकाणचे चार. मी ते पुढे करून म्हटलं, हे नवे घ्यावे लागतील. भाव आणखी उतरला. १८० डॉलरला सौदा झाला, वर आजींनी तमालेंची पिशवी दिली. बाबांनी स्वतः गार्ड माझ्या गाडीत चढवला आणि कापडानं वरची नळी पुसली. कोंबडा सगळ्यात जास्त नाराज होता.

रंगाचं काम कंटाळवाणं, पटकन सांगते. फुगलेला रंग तारेच्या ब्रशनं खरवडला, पॉलिश पेपर मारला, गंजावर गंज थांबवणारं औषध लावलं, प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात. नळीच्या खालच्या बाजूची बुजलेली भोकं उघडली. ती भोकं पाणी गळून जायला ठेवलेली असतात. नीटनेटकेपणाच्या हौसेनं लोक ती बुजवतात आणि नळी आतून सडवतात.

बसवायला शेजारचे काका आले. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले, आता निवृत्त, पण पाना दिसला की हात शिवशिवतात. गार्ड फार जड नाही, तरी एकट्या माणसानं तो धरायचाही आणि खाली झोपून बोल्टही लावायचे हे होत नाही. चासीच्या पुढच्या टोकांना टो-हुक असतात, त्यांचे बोल्ट काढायचे आणि त्याच जागी ब्रॅकेट बसवायचे. बारा वर्षांचे बोल्ट ते! आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी एक हलेना. मी लांब दांडा लावून जोर करायला निघाले तर काकांनी थांबवलं. त्यांचं म्हणणं, आधी थोडा आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा. नुसता सोडत गेलं तर बोल्ट मुंडीशी तुटतो आणि दिवस त्यातच जातो. आला की बाहेर, हळूहळू, कुरकुरत.

नव्या बोल्टांवरून दुकानात थोडी वादावादी झाली. दुकानदार म्हणे जाडी सारखी आहे, कुठलाही चालेल. मुळीच नाही. बोल्टाच्या मुंडीवर आकडा असतो, ८.८ किंवा १०.९, तो त्या पोलादाची ताकद सांगतो. काढलेल्या बोल्टावर जो आकडा, तोच किंवा त्याच्या वरचाच घ्यायचा. तुझ्या गॅरेजवाल्यालाही हे विचारत जा, तो हसला तर गॅरेज बदल.

आणि आवळताना घाई नाही. सगळे बोल्ट आधी हातानं, ढिले. मग गार्ड डावी-उजवीकडे सरकवून बघायचं की बॉनेट पूर्ण उघडतं ना, बंपरपासून दोन्हीकडे सारखी फट आहे ना. फट हवीच. गार्ड बंपरला टेकला तर खडबडीत रस्त्यावर रात्रंदिवस घासत राहतो. सगळं जुळल्यावर टॉर्क पान्यानं एकेक बाजू आलटून-पालटून आवळली. काही आठवडे रानात फिरल्यावर पुन्हा पाना लावून पाहिला, दोन बोल्ट थोडे फिरले. ते फिरतातच, म्हणून तर बघायचं.

दोन बारीक गोष्टी राहिल्या, पण इथे त्यावरून दंड होतो. टेक्ससमध्ये नंबर प्लेट पुढेही लागते आणि गार्डानं ती झाकली होती. क्लॅम्प आणून ती गार्डाच्या आडव्या पट्टीवर घेतली. दुसरं, दिवे. दिव्यांभोवतीच्या कड्यांची सावली उजेडात पडते आणि पुढे वजन वाढल्यामुळे गाडीचं नाकही जरासं खाली येतं. संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीसमोर २५ फुटांवर गाडी उभी केली आणि दिव्यांचा स्क्रू फिरवून उजेड सारखा केला. माझी गाडी जुनी, म्हणून एवढ्यावर भागलं. हल्लीच्या पिकअपांच्या ग्रिलमागे रडार असतं, बंपरात सेन्सर असतात. त्यांच्यापुढे लोखंड उभं केलं की गाडी समोर भिंत आहे समजून आपोआप ब्रेक मारू शकते, नाहीतर खरी भिंतही तिला दिसत नाही. नव्या गाडीवर जुना गार्ड चढवणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

आता फायदा झाला का? झाला. सोडलेल्या बागांत मेस्किटच्या फांद्या नळीवर आपटतात आणि बाजूला होतात. गवताचं बारीक बी मात्र गार्डातून बिनधास्त आत जातं आणि रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसतं, इंजिन तापतं. त्यावर काकांनी गार्डाच्या मागे खिडकीची जाळी बांधून दिली. आठवड्याला झटकायची. दिसायला भिकार, कामाला उत्तम.

पण तू विचारतेस ते रोह्यासाठी, फांदीसाठी नाही. इथेच माझं मत ठाम आहे. इथल्या हमरस्त्यावर ७५ मैलांचा वेग, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. मोठा नर सव्वादोनशे-अडीचशे किलोचा, पाय लांब. गाडी त्याच्या पायांवर आदळते आणि धड बॉनेटवरून थेट काचेवर येतं. ग्रिलसमोरचा गार्ड त्यात काय करणार? शिवाय पुढचा भाग चुरगळून धक्का खाण्यासाठीच गाडी बनवलेली असते. चासीला जोडलेलं ताठ लोखंड तो धक्का सरळ आत पोचवतं. माझ्या ओळखीच्या एका कुरणवाल्याची पिकअप नीलगायीला धडकली, तिला तो मोठा धुडवाला बंपर होता. बंपर जागच्या जागी, आणि चासी वाकलेली. गाडी भंगारात गेली, माणूस वाचला तो वेग कमी होता म्हणून.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटला आहे. २०१७च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की गाड्यांना असे गार्ड लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या विरुद्ध आहे, लावणाऱ्यांवर कारवाई करा. तेव्हा तुझ्या दादांनी आरडाओरडा केला होता ते मला आठवतं. पण विचार कर, वरुडच्या बाजारातून तू गाडी काढतेस तेव्हा पुढे कोण असतं? सायकलवाला, शाळेची पोरं, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. बंपर थोडा तरी दबतो. गार्ड दबत नाही. माझ्या सोडलेल्या बागेत मेस्किट आणि गवताशिवाय कुणी नसतं, म्हणून इथे तो ठीक. गावातून जाताना मला तो नकोसाच वाटतो, आणि पार्किंगमध्ये माणसं जवळून गेली की मी गाडी आणखी हळू घेते.

तेव्हा बोलेरोला काहीही लावू नकोस. पुढचे दिवे घासून लख्ख कर, त्यांचा उजेड नीट जुळवून घे, आणि दिवस मावळल्यावर मोर्शीकडून येताना वेग चाळिसाच्या खाली ठेव. एक रोही रस्ता ओलांडताना दिसला की मागे आणखी असतात हे तुला मी काय सांगायचं, तूच मला शिकवलंस. दादांचा काढून ठेवलेला गार्ड अजून गोठ्यात पडला असेल तर भंगारवाल्याला दे.

आणि माझं एक काम कर. बागेभोवती तू सोलरचं झटका मशीन लावलंस त्याचा एकरी खर्च किती आला, तारा किती उंचीवर किती घेतल्या, आणि रोही खरोखर थांबला का, हे सविस्तर लिही. इथल्या एका बागवाल्याला हवं आहे. त्याचं पाच एकराचं नवं रोपवन नीलगायी खात आहेत आणि तो मला रोज विचारतो, तुमच्या देशात यावर काय करतात.

तुझी,
मंदा